गोठ्यातला कॅमेरा दिसेना तेव्हा

गाय व्यायला आली की रात्रीत चारदा उठावं लागतं, म्हणून आम्ही गोठ्यात कॅमेरा बसवला. अंथरुणातूनच मोबाइलवर गाय दिसायची. मग वीज कडाडली नि राउटर जळाला. नवा आणला, वायरी होत्या तशाच जोडल्या. इंटरनेट सुरू, कॅमेऱ्याचा दिवाही सुरू, पण गाय दिसेना! मुलगा नवा कॅमेरा आणायला निघाला होता. बरं झालं थांबवला, कारण चुकला होता फक्त पत्ता.

राउटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो, तो आयपी अ‍ॅड्रेस. टिंबं देऊन लिहिलेले चार आकडे, प्रत्येक 0 ते 255 मधला. आमचा मोबाइल होता 192.168.0.7, कॅमेरा 192.168.1.20. जवळजवळ सारखेच वाटतात ना?

आता पिनकोड आठवा. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. नगर शहराचा पिन 414001, संगमनेरचा 422605. जिल्हा एकच, पण पहिले तीन आकडे वेगळे, म्हणून टपालाच्या लेखी टापू वेगळे. आमच्या घरातही तेच झालं होतं. कॅमेरा आणि राउटर एका वायरीवर, तरी वाड्या दोन.

वाडी कुठवर आणि घर नंबर कुठून, हे सांगतो सबनेट मास्क. घरोघरी तो बहुधा 255.255.255.0 असतो. जिथे 255, तो आकडा वाडीचा. जिथे 0, तो घराचा. म्हणजे पहिले तीन आकडे वाडीचे. घर नंबर 254 मिळतात, कारण 0 हा वाडीचा स्वतःचा आणि 255 दवंडीचा, सगळ्यांना एकदम हाक मारायला. राउटर म्हणजे वेस. वाडीतल्या वाडीत निरोप थेट जातो, बाहेरचा वेशीतून.

आमच्या मोबाइलला कॅमेरा परक्या वाडीतला वाटला, म्हणून त्याने निरोप वेशीकडे दिला. तिथून तो पोचणार कुठे? 192.168 ने सुरू होणारे पत्ते 1994 पासून खासगी वापरासाठीच राखलेले आहेत, इंटरनेटवर ते चालत नाहीत. तुमच्या घरीही हेच आकडे असतील; ‘खालची आळी’ नाही का गावोगाव असते!

जुना राउटर 192.168.1.1 होता, नवा निघाला 192.168.0.1. मुलाने सेटिंगमध्ये जाऊन नव्याला जुन्याचा पत्ता दिला, मोबाइलचं वायफाय बंद करून पुन्हा लावलं, आणि गाय दिसली. कॅमेऱ्याचा 20 नंबर राउटरमध्ये राखूनही ठेवला, नाहीतर एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलला तोच नंबर मिळायचा आणि दोघांचं भांडण. हे आकडे मी आता कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेत, दूधवाल्याच्या हिशोबाखाली.

गाय त्या रात्री व्यायली नाहीच. व्यायली दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्यांसमोर.