थोरल्या दिराची चित्रं

घर बदलायचं ठरलं, की काय न्यायचं आणि काय टाकायचं यावरून आपल्याकडे केवढी वादावादी होते! सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ, माळ्यावरची जुनी ट्रंक, मुलांची वह्या-पुस्तकं. पण समजा, तुमचं वय आहे २८. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नाहीत आणि पती गेले. पदरात वर्षाचं मूल. आणि घरात पलंगाखाली, कपाटाखाली, सोफ्याखाली थप्प्याच थप्प्या, थोरल्या दिराने रंगवलेल्या चित्रांच्या! कुणी विकत घेत नाही अशा. तुम्ही काय केलं असतं?

हा प्रसंग खरोखर आला होता योहाना, म्हणजे यो व्हॅन गॉग या डच बाईवर, १८९१ साली. दीर म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग. तो १८९० च्या जुलैत गेला आणि त्याला आयुष्यभर पैसा पुरवणारा धाकटा भाऊ थिओ, म्हणजे यो हिचा नवरा, त्यामागोमाग सहा महिन्यांतच. यो त्या दिराला आयुष्यात भेटली होती अवघी दोन-तीन वेळा. तरीही पॅरिसचं बिऱ्हाड मोडून ती हॉलंडमधल्या बुसुम गावी आली, ती ही सारी चित्रं बरोबर घेऊन.

पोटासाठी तिनं तिथं राहत्या घरीच पाहुणे ठेवायला सुरुवात केली. म्हणजे पाहुण्यांचं जेवणखाण, खोल्या, कपडे, शिवाय अंगावरचं मूल! घरकामाच्या रगाड्यात आपण नुसतं यंत्र होऊन जाऊ, मन मरून जाईल, ही भीती तिनं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. (ही भीती तुमच्या-माझ्या ओळखीची आहे की नाही?) थिओनं आपल्यावर बाळाबरोबर आणखी एक काम सोपवलंय, व्हिन्सेंटची चित्रं लोकांपुढं आणायचं, असंही तिनं तिथंच लिहिलं आहे.

त्या कामात तिला टोमणे काय कमी मिळाले? भावनेच्या भरात वाहून जाणारी बाई, तिला चित्रांतलं काय कळतंय, असं म्हणून एका चित्रकारानं नाक मुरडलं. पुढं १८९२ सालच्या प्रदर्शनाला मदत करणाऱ्यांत तोच होता, ही गंमत!

मला स्वतःला सर्वांत आवडते ती तिची हिशेबाची वही. थिओशी लग्न झाल्यावर सुरू झालेली. तिच्यात घरखर्च आहे आणि त्याच वहीत, अमुक चित्र अमुक किमतीला विकलं, याच्या नोंदी. यो हिनं व्यवहार किती चोख केला पाहा: सगळी चित्रं एकदम बाजारात आणली नाहीत, थोडी थोडी विकली. प्रदर्शनात काही चित्रं लावायची, पण ती विकायची नाहीत. त्यामुळे त्यांची मागणी वाढली. १९०५ साली ॲमस्टरडॅमला तिनं भरवलेल्या प्रदर्शनात चारशेच्या वर कलाकृती होत्या. १९१४ साली दिराची थिओला लिहिलेली पत्रं तिनं छापून काढली, मग त्यांचं इंग्रजी भाषांतर करत बसली, ते १९२५ साली मरेपर्यंत. सूर्यफुलांचं एक चित्र लंडनला देताना मात्र, १९२४ साली, तिचा जीव तुटला. आधी तर तिनं नाहीच म्हटलं होतं.

उरलेलं सारं तिच्या मुलानं सांभाळलं. त्याचंही नाव व्हिन्सेंटच, धंद्यानं इंजिनिअर. १९६२ साली त्यानं हा संग्रह एका न्यासाकडे सोपवला आणि सरकारनं त्यासाठी इमारत बांधली. १९७३ साली ॲमस्टरडॅमचं व्हॅन गॉग संग्रहालय उघडलं. आज तिथं दोनशेहून अधिक रंगचित्रं, पाचशेच्या आसपास रेखाटनं आणि सातशेहून अधिक पत्रं आहेत. ती हिशेबाची वहीही संग्रहालयाकडेच आहे.

कुणाची मुलंबाळं तिकडे असतील आणि जायचा योग आला, तर तिकीट आधीच काढून ठेवा, कारण आत सोडतात ते ठरलेल्या वेळेलाच. सूर्यफुलांपुढं गर्दी असणारच. तुम्ही बदामाच्या फुलांचं चित्र शोधा. निळ्या आभाळावर पांढरा मोहर. पुतण्या झाला म्हणून काकानं १८९० च्या फेब्रुवारीत काढलेलं. ते यो हिनं कधीच विकलं नाही.