शास्त्राची सूक्ष्म कात्री

इंदापूर तालुक्यातील शेळगाव आणि त्यालगतचा बारामतीचा प्रदेश यांत उसाबरोबर मक्याचेही पीक घेतात. मका हे माणसाचे अन्न, कोंबड्यांचा दाणा आणि गुरांची वैरण असे तिहेरी उपयोगाचे पीक आहे. त्यामुळे मक्यावर कीड पडली, की तिची झळ शेतापासून गोठ्यापर्यंत पोचते.

अशीच एक कीड म्हणजे अमेरिकन लष्करी अळी. ती मूळची अमेरिका खंडातील. २०१६ साली ती आफ्रिकेत आढळली. २०१८ साली कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात येऊन ठेपली. ती मक्याच्या पोंग्यात दडून कोवळी पाने कुरतडते. तेथवर फवारणीचे औषध नीट पोचत नाही. उलट मधमाश्यांसारखे उपकारक कीटक मात्र त्या औषधाने मरतात.

मग किडीचा वंशच वाढू नये, असा काही उपाय आहे काय? १९५४ साली क्युरासाव बेटावर तसा एक उपाय यशस्वी झाला. गुरांच्या जखमांत अंडी घालणाऱ्या असंख्य माशा वाढवून, किरणांच्या साहाय्याने त्या निर्बीज करून विमानातून सोडण्यात आल्या. त्यांतील नरांशी जोडी जमलेल्या माद्यांच्या अंड्यांतून अळ्या निघाल्या नाहीत. काही महिन्यांतच ती माशी त्या बेटावरून नाहीशी झाली.

आता शास्त्रज्ञांच्या हाती याहून सूक्ष्म साधन आले आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीचा जणू एक लेखच साठवलेला असतो. त्यातील एकेका सूचनेस जनुक म्हणतात. हा लेख नेमक्या जागी कापण्याची ‘क्रिस्पर’ नावाची पद्धत एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना या विदुषींनी २०१२ साली मांडली. त्याबद्दल त्यांना २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत एक रेणू वाटाड्या होऊन जागा दाखवतो आणि एक प्रथिन कात्रीप्रमाणे तेथे छेद घेते. पेशी तो छेद सांधते. परंतु सांधताना एखादे अक्षर गळले किंवा वाढले, तर ती सूचना निकामी होते.

बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. लष्करी अळीचा पुढे पतंग होतो. रात्री मादी पतंग एक गंध सोडते आणि त्याच्या मागाने नर तिच्याकडे येतो. हा गंध तयार करण्याची आज्ञा तिच्या शरीरातील एक संदेशद्रव्य देते. शास्त्रज्ञांनी त्या द्रव्याचे जनुक छेदले, तेव्हा पतंगांच्या जोड्या जमण्यात अडथळा आला. किडीचे वर्म कोठे आहे, हे अशा प्रयोगांतून कळते. केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या चिलटांचे निर्बीज नर अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१९ साली याच कात्रीने, किरणांवाचून, तयार केले.

अशा कामाचा भार बहुधा विद्यावाचस्पती ही पदवी मिळवूनही पुढे शिकत राहिलेले तरुण संशोधक उचलतात. नुकतीच घातलेली इवलीशी अंडी घ्यावयाची आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या अतिशय बारीक सुईने ती एकेक टोचावयाची! पुष्कळशी अंडी मरतात. जगलेल्यांपैकी काहींतच हवा तो बदल घडतो. मग त्यांची संतती पिढ्यान्‌पिढ्या तपासावी लागते.

तथापि मुलांनो, या कात्रीबरोबर विवेकही हवा. पतंग शेताचा बांध ओळखत नाही आणि एकदा मोकळा सोडलेला जीव परत बोलावता येत नाही. त्याच्यामुळे इतर जीवांचे काय होईल, हे आधी पारखले पाहिजे. म्हणून असे कीटक बंदिस्त खोल्यांत ठेवतात. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्यांच्याविषयी २०२३ साली मार्गदर्शक नियमही प्रसिद्ध केले आहेत.

लष्करी अळीवरील हा उपाय अजून प्रयोगशाळेतच आहे. तोवर रोज पोंगे पाहणे, अंड्यांचे पुंज वेचून नष्ट करणे आणि कामगंध सापळे लावणे, ही राखण शेतकऱ्यालाच करावी लागते. एक सुईच्या टोकाशी जागतो, दुसरा बांधावर. पिकाचे रक्षण दोघांच्याही दक्षतेवर अवलंबून आहे.