ॲपमधलं ते गोल फिरत राहतं, तेव्हा आत नेमकं काय चाललेलं असतं?

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा किंवा धडगाव तालुक्यातला, सातपुड्यातला एखादा पाडा डोळ्यासमोर आणा. अंगणवाडी सेविकेने मुलाचं वजन केलं, आकडा मोबाइलमध्ये भरला आणि ‘जतन करा’ दाबलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं. रेंज गेली. आता नोंद झाली की नाही?

याचं उत्तर फक्त मोबाइल कंपनीच्या टॉवरवर नाही, तर ॲप कसं लिहिलंय यावरही अवलंबून असतं.

ॲप बहुतेक वेळ वाटच बघत असतं. तुम्ही बोट टेकवलं की ती एक ‘इव्हेंट’, म्हणजे घटना. तिच्यासाठी लिहिलेला कोडचा तुकडा मग चालू होतो. पण पडदा रंगवणं आणि बोटांना प्रतिसाद देणं ही कामं एकाच रांगेतून होतात. त्याच रांगेत सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत बसलं, तर सगळं गोठतं. अँड्रॉइडवर साधारण ५ सेकंद प्रतिसाद आला नाही, की ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना येते. म्हणून नेटवर्कचं काम मागच्या बाजूला, वेगळ्या रांगेत ढकलतात.

तेवढ्याने पाड्यावरचा प्रश्न सुटत नाही. तिथे उपयोगी पडते ती ‘ऑफलाइन-फर्स्ट’ पद्धत. नोंद आधी फोनमधल्याच छोट्या डेटाबेसमध्ये जाते, पडदा लगेच पुढे सरकतो आणि रेंज मिळाली की ॲप साठलेल्या नोंदी एकेक करून पाठवतं.

यात एक खोच आहे. कधी कधी नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचते, पण ‘मिळाली’ हे उत्तर परतताना वाटेत हरवतं. ॲप पुन्हा पाठवतं आणि एकाच मुलाची दोन वजनं लागतात. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर नवी नोंद करत नाही.

आणि पडद्याने खोटं बोलू नये. ‘फोनमध्ये जतन झालं’ आणि ‘सर्व्हरवर पोहोचलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींसाठी एकच हिरवी खूण दाखवली, तर सेविका निर्धास्त राहते, फोन बिघडतो आणि तीव्र कुपोषित मुलाची नोंद पुढे जातच नाही.

चुकीचा आकडाही तिथल्या तिथे पकडता येतो. चार वर्षांच्या मुलासाठी ११.५ ऐवजी ११५ किलो पडलं, तर ॲपने तिथेच विचारायला हवं. मुलाला घरी पाठवल्यावर, महिन्याच्या अहवालात नव्हे.

भाषेचं काय? २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत आहे आणि फोनची क्षमता अपुरी आहे, या त्यांच्या तक्रारी होत्या. मात्र भाषांतर म्हणजे नुसते शब्द बदलणं नाही. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या बटणात मराठीच्या वेलांट्या कापल्या जातात, लांब शब्द अर्धवट दिसतात. म्हणून बटणाची उंची-रुंदी ठोकून न बसवता मजकुरानुसार वाढू द्यावी लागते. त्यात सातपुड्यातल्या अनेक घरांत बोली भिली किंवा पावरी असते, मराठी नंतर येते. तिथे वजनकाट्याचं चित्र आणि मोठा, ठळक आकडा लांबलचक सूचनेपेक्षा लवकर कळतो.