कवरत्तीचे गोडे पाणी

लक्षद्वीपसमूहाचे मुख्य ठाणे असलेल्या कवरत्ती बेटास नदी नाही, ओढा नाही, डोंगरही नाही; पावसाळ्यात मुबलक पडलेले पाणी प्रवाळाच्या सच्छिद्र वाळूत मुरते, खालच्या खाऱ्या पाण्याहून हलके म्हणून त्यावर पातळ थराने तरंगत राहते, आणि विहिरींचा उपसा वाढला की खालचा खारेपणा वर चढून तेच पाणी मचूळ होते. अशा ठिकाणी चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली जे संयंत्र सुरू केले, त्याचा मोठेपणा मला यात दिसतो की, पाणी गोडे करण्यास लागणारी उष्णता आणि शीतलता या दोहोंची तजवीज त्याने समुद्राकडूनच करून घेतली.

पाणी शंभर अंशांवर उकळते हा नियम नेहमीच्या हवेच्या दाबापुरताच खरा. येथील बाष्पपात्रातली हवा पंपाने उपसून आतला दाब सुमारे चाळिसाव्या हिश्शावर आणलेला असतो. त्यामुळे पृष्ठभागावरून घेतलेले २८ अंशांचे, हाताला धड ऊन नाही की गार नाही असे पाणी आत शिरताच, खाली कसलाही जाळ नसताना, फसफसून उकळू लागते, आणि वाफेची उष्णता स्वतःतूनच पुरवावी लागल्याने काहीसे निवून बाहेर पडते. वाफ संघनकात जाते. तेथील नळ्यांतून सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेले थंड पाणी वाहत असते. भाताच्या पातेल्याच्या झाकणाला आतून घाम सुटावा तसे त्या नळ्यांवर थेंब धरतात आणि थेंबांची धार लागते. मीठ मागेच राहिलेले असते.

या साधेपणाची किंमत मात्र भारी आहे. आत आलेल्या पाण्याच्या शंभर भागांपैकी जेमतेम एका भागाची वाफ होते. म्हणजे रोजच्या एक लाख लिटर पेयजलासाठी सुमारे एक कोटी लिटर समुद्रजल फिरवावे लागते, आणि खोलवरचे पाणी वर आणणारी सुमारे ६०० मीटरची नळी पावसाळी लाटांच्या माऱ्यात शाबूत राखावी लागते. प्रवाळबेटाचा कडा किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल उतरतो, म्हणून एवढी नळी पुरते. कोकणच्या किनाऱ्यापुढे उथळ तळ कोसच्या कोस पसरलेला असल्याने तेथे ही युक्ती परवडणारी नाही.

बेटाची वस्ती दहा-अकरा हजारांची, तेव्हा माणशी नऊ-दहा लिटर, पिण्यारांधण्यापुरते पाणी पदरात पडते. पुढे २०११ साली मिनिकॉय आणि अगत्ती येथेही अशीच संयंत्रे झाली. मला सलते ते एवढेच की, हे पंप ज्या विजेवर चालतात ती या बेटांवर बहुतांशी जहाजाने आणलेल्या डिझेलपासून तयार होते. म्हणून त्याच तापमानभेदावर ६५ किलोवॅटचे जनित्र चालवून संयंत्रास लागणारी वीजही समुद्रातूनच मिळविण्याचा जो प्रकल्प या संस्थेने कवरत्तीसाठी हाती घेतला, त्यास सरकारदरबारी निव्वळ प्रयोग न मानता खर्चाची पुरी तरतूद मिळावी, असा माझा आग्रह आहे.