वांग्यातली अळी आणि अर्थशास्त्राचा तास

कला शाखेच्या विद्यार्थ्याने अळीवर लिहावे याचे आमच्या प्राध्यापक मंडळींना नवल वाटेल. पण रिठदचे आमचे दहा गुंठे वांग्याचे वावर आणि अर्थशास्त्रातला सीमांत खर्च यांची गाठ मला मागच्या हंगामात पडली.

काका दर आठ दिवसांनी फवारणी करीत. अळी असो वा नसो, वार ठरलेला. मी म्हटले, "आधी मोजून पाहू." काका म्हणाले, "अया मोजता मोजता वांगे जातीन ना बापा!" त्यांची भीती खोटी नव्हती. शेंडा व फळ पोखरणारी ही अळी अंड्यातून निघाली की लवकरच शेंड्यात नाहीतर फळात शिरते. आत गेल्यावर वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. उशीर केला तर पैसा वाया, उगाच घाई केली तरी वाया.

1959 साली कॅलिफोर्नियात स्टर्न व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी लसूणघासावरील माव्याच्या निमित्ताने याचा हिशेब मांडला. कीड दिसली म्हणून फवारायचे नाही. तिच्यामुळे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाला गाठण्याच्या बेतात आले की फवारायचे. समजा, एका फवारणीला औषध-मजुरी मिळून 600 रुपये लागले आणि वांगी 15 रुपये किलोने गेली, तर किमान 40 किलो माल वाचला पाहिजे. भाव 5 रुपयांवर आला की तोच आकडा 120 किलो होतो! म्हणजे अळी तीच, पण बाजार पडला की ती जास्त सोसावी लागते. हे आमच्या क्रमिक पुस्तकात असते तर सीमांत लाभ मला पहिल्याच वर्षी कळला असता.

वांग्यासाठी साधारण पाच टक्के शेंडे किंवा फळे किडली की उपाय करावा, असे सांगतात. मी वावरात नागमोडी फिरून शंभर शेंडे पाहिले. तीन माना टाकलेले निघाले. ते खालून खुडून नष्ट केले आणि त्या आठवड्याची फवारणी वाचली. नंतरचे दोन आठवडेही असेच गेले. आईला खर्चापेक्षा दुसरेच समाधान होते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हापासून काकांच्या पाठीवर पंप चढला की ती दारातच उभी राहते.

पुढे परीक्षा आली आणि मी मोजणी चुकवली. परत गेलो तेव्हा शेंडे नऊ आणि तोड्यातली बरीच वांगी भोके पडलेली. काका रागावले नाहीत. नुसते एक वांगे चिरून माझ्यासमोर ठेवले. त्या दिवशी पाच टक्के निंबोळी अर्क फवारला. आता मी नसलो तर शंभर शेंडे काका मोजतात, आणि आकडा खडूने कोठ्याच्या दारावर लिहून ठेवतात.