परक्या मुलखात आपले माणूस

वऱ्हाडातला मुलगा परदेशी नोकरीस निघाला म्हणजे घरात महिनाभर याद्या चालतात. विमानात किती किलो वजन चालते, लोणच्याची बरणी कशी बांधावी, थंडीचे कपडे येथे घ्यावेत की तेथे, याचा काथ्याकूट शेजारीपाजारीही करतात. मात्र तेथे गेल्यावर रविवारी दुपारचा चहा हा कोणाबरोबर घेणार, हा प्रश्न कोणत्याच यादीत नसतो. मित्र आपोआप मिळतात अशी आपली समजूत आहे आणि गावात राहणाऱ्याच्या बाबतीत ती खरीही आहे. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर घटकाभर उभे राहा, कोणीतरी हाक मारतोच. परदेशात मात्र कोणी हाक मारीत नाही. तेथे मैत्री हेदेखील एक काम होऊन बसते, आणि कोणत्याही कामाप्रमाणे त्याचीही एक रीत आहे. ती रीत समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

हा विषय कामगार संघटनेतील माणसाने का घ्यावा, असे कोणी विचारील. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे सारे गेटमीटिंगमध्ये आणि सार्वजनिक वाचनालयांत झाले. संघटना बांधणे म्हणजे शेवटी अनोळखी माणसांना एकमेकांच्या ओळखीचे करणे. एकाच खात्यात दहा वर्षे शेजारी काम करून परस्परांची नावे न जाणणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि एका रात्रीच्या पहाऱ्यात जन्माचे सोबती झालेलीही पाहिली आहेत. त्यातून एक गोष्ट आमच्या मनावर पक्की ठसली आहे. एकटा कामगार हा नेहमी स्वस्त कामगार असतो.

परदेशी गेलेल्याला हे अधिकच लागू पडते. अमेरिकेत एच-वन-बी परवान्यावर गेलेल्या अभियंत्याची नोकरी गेली तर २०१७ सालापासूनच्या नियमाप्रमाणे त्याला नवी वाट शोधण्यास जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत पदवीइतकाच उपयोग ओळखीपाळखीचा होतो. आखाती देशांत पासपोर्ट अडकवून ठेवणे कायद्याने मना असले, तरी तशी चाल पुरती गेलेली नाही. सौदी अरेबियात किंवा संयुक्त अरब अमिरातीत कामगारांना स्वतःची संघटना काढण्याची मुभा नाही. अशा ठिकाणी खोलीतला सोबती आणि वकिलातीचा पत्ता सांगणारा ओळखीचा माणूस हीच संघटना. ज्याला कोणी नाही तो वाईट मालकासही सोडू शकत नाही, कारण सोडून जायचे कोठे? म्हणून मैत्रीला आम्ही चैन समजत नाही. परक्या मुलखात ती माणसाच्या पाठीचा कणा आहे.

आमच्या मुलांजवळ इंग्रजी असते, आणि तेवढ्यावर सारे निभेल असा आईबापांचा भरवसा असतो. इंग्रजीने नोकरी मिळते, कचेरीतले काम चालते, दुकानात पाव मिळतो. पण घराचे दार इंग्रजीने उघडेलच असे नाही. जर्मनीत पुष्कळ कचेऱ्यांत व्यवहार इंग्रजीत होतो. जेवणाच्या सुटीत मात्र चार जर्मन सहकारी आपसात जर्मन बोलू लागतात. त्यात त्यांचा दुष्टपणा नसतो. माणूस विनोद आणि रडगाणे आपल्याच भाषेत करतो. ज्याला विनोद कळत नाही तो टेबलाशी बसूनही बाहेरच राहतो. इंग्लंड-अमेरिकेतही पुस्तकी इंग्रजी एक आणि शेजाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पांची इंग्रजी दुसरी.

या अवस्थेचा अभ्यास झालेला आहे. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे याच विषयावर व्याख्यान दिले होते. त्याने सांगितले की परक्या देशात प्रथम काही दिवस सारे गोड वाटते, मग एकाएकी सगळ्याचा वीट येतो. त्या देशाची माणसे, अन्न, हवा सारेच वाईट दिसू लागते आणि माणूस आपल्या देशबांधवांत बसून यजमानांची निंदा करू लागतो. त्यानंतर भाषा थोडी जमते, स्वतःवर हसता येते आणि हळूहळू तो देश सवयीचा होतो. घरी आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुलगा फोनवर चिडचिड करू लागला तर तो बिघडला असे समजू नये. तो या दुसऱ्या पायरीवर उभा आहे.

परक्या देशात इंग्रजी बोलणाऱ्यांनी कसे राहू नये, याचा धडा तर आमच्या वऱ्हाडातच आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अधिकारी आले, कापसाच्या मागोमाग परदेशी व्यापारी पेढ्यांची माणसे आली. त्यांनी वस्ती केली ती गावापासून वेगळी, कॅम्पात. उन्हाळा काढला तो चिखलदऱ्यास. त्या काळी हिंदुस्थानभर साहेबाची संध्याकाळ क्लबात जाई आणि बहुतेक क्लबांत हिंदी माणसास सभासद होता येत नसे. नोकरीची सारी वर्षे येथे काढून जाताना ज्याला मित्र म्हणावा असा एकही वऱ्हाडी माणूस मागे नाही, अशी कितीतरी साहेबांची गत झाली असेल. सत्ता होती म्हणून ते निभले. आमच्या मुलांजवळ सत्ता नाही, तेव्हा त्यांना क्लब परवडणार नाही.

येथे कोणी म्हणेल, मग परदेशातली महाराष्ट्र मंडळे हे तरी काय आहे? मंडळांचे मोल आम्ही कमी मानीत नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून चालू आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली शिकागोत स्थापन झाले. बर्फात अडकलेल्या पोराला गणपतीच्या आरतीत कोणी "काऊन बावा, कोणत्या गावचा?" असे विचारले तर त्याच्या जिवाला किती बरे वाटत असेल, ते सांगायला नको. नव्या माणसाला घर कसे घ्यावे, डॉक्टर कोणता, हे सांगणारे तेच लोक. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरून आलेल्या कामगारांना गावकीचे गाळे आणि खानावळी यांनीच उभे केले होते. पण गाळ्यातला तो माणूस गिरणीत दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जातीच्या माणसाजवळ उभा राही, आणि तेथूनच युनियन उभी राहिली. मंडळ हे गाळ्यासारखे असावे. तेथे रात्री निजायला यावे, दिवसा मात्र बाहेर पडावे.

बाहेर पडून करायचे काय? मैत्री कशी जमते याविषयी अमेरिकेत काही पाहण्या झाल्या आहेत; त्या आमच्या अनुभवाशी जुळतात. लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या विद्यार्थी वसाहतीची पाहणी करून १९५० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मैत्री बहुतेक शेजारच्या दाराशी जमते, आणि ज्याचे घर जिन्याच्या पायथ्याशी त्याच्या वरच्या मजल्यावरही ओळखी अधिक, असे त्यांना आढळले. म्हणजे गुणस्वभाव नंतर, आधी नित्य नजरेस पडणे. खोली घेताना केवळ भाडे पाहू नये, रोज माणसे दिसतील अशी जागा पाहावी, हा यातला व्यवहार.

दुसरी पाहणी कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांची, २०१८ सालची. अनोळखी माणूस साधा मित्र होण्यास सुमारे ५० तास, मित्र म्हणण्याजोगा होण्यास ९० तास आणि जिवलग होण्यास २०० तासांवर सहवास लागतो, असा त्यांचा अंदाज आहे. शिवाय केवळ कामाच्या जागी एकत्र घालवलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. आता हिशेब करा. आठवड्यातून दोन तास एखाद्याबरोबर गेले तर ५० तासांना २५ आठवडे लागतात, म्हणजे सहा महिने. २०० तासांना जवळजवळ दोन वर्षे. तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत मित्र झाला नाही म्हणून आपल्यात काही खोट आहे असे कोणी मानू नये. पीक उगवायला त्याचे दिवस लागतात. पेरणी मात्र पहिल्या आठवड्यातच झाली पाहिजे.

तिसरी गोष्ट मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडली. नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक येते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. म्हणून जिना उतरताना नमस्कार करणारा शेजारी आणि ग्रंथालयातली बाई यांनाही क्षुल्लक लेखू नये.

आमच्या मागच्या पिढ्यांनी हे कोणत्याही पाहणीवाचून करून दाखविले आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस पोचल्या, त्याआधी काही वर्षे न्यू जर्सीतल्या श्रीमती कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालला होता. ज्यांना पाहिले नाही त्यांना त्या मावशी म्हणत होत्या. आनंदीबाईंनी आपला वेश आणि शाकाहार सोडला नाही आणि तरीही ते घर त्यांचे झाले. १८८७ साली त्या गेल्यावर त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. तेथील वसतिगृहात नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती होता. तो स्नेह जन्मभर टिकला, आणि १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यास बाबासाहेब निघाले तेव्हा भथेनांनी कर्ज देऊन हात दिला. ज्या समाजाने येथे त्यांना पाणी नाकारले त्याच देशातला एक माणूस समुद्रापलीकडे खोलीतला सोबती झाला, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आमच्या शेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तर स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकोत १९२४ साली स्थायिक झाले. चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी शिकविले, मक्यावर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालविल्या. थोर चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचा स्नेही होता आणि त्याने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. खानखोजे यांना तो देश मिळाला तो त्या देशाच्या कामाला हात लावल्याने. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी व इतर देशी खेळ दाखविले, तेव्हा त्यांना जर्मनांशी बोलायला खेळ पुरला.

या सर्वांतून जी रीत निघते ती साधी आहे. एकाच जागी, एकाच वेळी, दर आठवड्याला जावे. शहरभर हिंडून शंभर माणसांना एकदा भेटण्यापेक्षा दहा माणसांना दहादा भेटणे बरे. जर्मनीत गावोगाव लोकशिक्षणाच्या शाळा आहेत, त्यांना फोल्क्सहोखशूल म्हणतात. आपल्या व्याख्यानमालेचेच ते बारमाही भावंड. तेथे भाषा शिकावी, कारण त्या वर्गात आपल्याइतकेच अडखळणारे दहा देशांचे लोक भेटतात. स्थानिक कामगार संघटनेचे सभासद व्हावे. जर्मनीत १९७२ च्या कायद्याने परदेशी कामगारासही कारखान्याच्या कामगार मंडळावर निवडून येता येते. बरोबरीने बसायला मिळाले म्हणजे मैत्रीला फार वेळ लागत नाही. शेजाऱ्याकडे लहानशी मदत मागण्यास लाजू नये, कारण मदत करणाऱ्यालाही आपण उपयोगी पडलो याचे सुख असते. त्यांच्याकडे आधी विचारल्यावाचून कोणी घरी येत नाही, तेव्हा वेळ ठरवून बोलवावे. मग भाकरी आणि वांग्याचे भरीत करावे, तिखट मात्र वऱ्हाडी हाताने घालू नये. आणि आईवडिलांनी रोज रात्री दोन तास फोनवर मुलास अडकवून ठेवू नये. ते दोन तास त्याच्या ५० तासांतून जातात.

शेवटी, श्रोतेहो, एक प्रश्न आपल्याच गावाविषयी. मेळघाटातून कोरकू मुले-मुली अमरावतीला शिकायला येतात. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषा नव्हे, ती मुंडा कुळातली आहे. म्हणजे आपल्या मुलाला जर्मन जशी परकी, तशी त्यांना मराठी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात परप्रांतीय विद्यार्थी असतात. बांधकामावर बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार असतात. त्यांचाही रविवार असतो. आपल्या मुलाला म्युनिकमध्ये कोणी घरी जेवायला बोलावले नाही म्हणून आपण हळहळतो. तो येथे असताना आपल्या घरी कोरकू सोबती कधी जेवायला आला होता काय? दार उघडण्याची सवय मुलाला विमानतळावर लागत नाही. ती त्याने आईवडिलांच्या घरी पाहिलेली असावी लागते.