दुहेरीचा डाव : भाग नववा – उजव्या कोर्टातली पॅम

या आठवड्यात नताशा झ्वेरेवा आणि जीजी फर्नांडिस यांच्यावर लिहायचं कबूल केलं होतं. टिपणंही काढून तयार होती. पण मागच्या भागानंतर सांगलीहून एका वाचकांचं पोस्टकार्ड आलं आणि त्या चार ओळींनी सगळा बेत उधळला. ते लिहितात, 'तुम्ही पॅम श्रायव्हरला मार्टिनाच्या पंक्तीला बसवलंत. पण शेजारी मार्टिना नवरातिलोवा उभी असताना कुणीही जिंकलं असतं. आमच्या घरची मांजरसुद्धा.'

मांजरीचं सोडून देऊ, पण शंका जुनी आणि वजनदार आहे. जॉन मॅकेन्रोचा जोडीदार पीटर फ्लेमिंग स्वतःच म्हणायचा, की जगातली सर्वांत भारी जोडी म्हणजे मॅकेन्रो आणि दुसरा कुणीही. तो विनयाने म्हणाला, लोकांनी शब्दशः घेतलं. पॅमला तर असं काही म्हणायचीही गरज पडली नाही. लोकांनी परस्परच ठरवून टाकलं.

आधी वाचकांची बाजू मांडतो, कारण ती दिसते त्याहून भक्कम आहे. मार्टिनाने महिला दुहेरीची 31 ग्रँड स्लॅम जिंकली. त्यांतली 20 पॅमबरोबर. उरलेल्या 11 विजेतेपदांत तिच्या शेजारी किती जणी होत्या? आठ! ख्रिस एव्हर्ट, बेटी स्टोव्ह, बिली जीन किंग, बेट्सी नागेल्सन, अ‍ॅन स्मिथ, अँड्रिया तेमेश्वारी, हाना मांडलिकोव्हा आणि जीजी फर्नांडिस. तेमेश्वारी ही हंगेरीची मुलगी, तिच्याबरोबर मार्टिनाने 1986 चं पॅरिस मारलं. तेव्हा 'कुणीही' हा शब्द अगदीच हवेतला नाही. पोस्टकार्ड वाचून मी पहिल्यांदा ही यादीच काढली आणि जरा वेळ गप्प बसलो.

मग आमच्या जिमखान्यावरची रविवार सकाळ आठवली.

आम्ही चौघं साठीच्या पुढचे. दर रविवारी खेळ सुरू होण्याआधी दहा मिनिटं वाद, आणि वाद एकच : उजव्या कोर्टात कोण उभं राहणार? माझा जोडीदार बँकेतून निवृत्त झालेला, एरवी गरीब माणूस. पण उजवा कोर्ट म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. त्याला डावाच हवा. का, ते त्याला कधी सांगता आलं नाही. मला सांगता येतं, कारण माझी तीस वर्षं उजव्या कोर्टात गेली आहेत.

दुहेरीत प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस घेताना तुमची जागा ठरलेली असते. सेटच्या सुरुवातीला जो उजवीकडे उभा राहिला, त्याने तो सेटभर उजवीकडचीच सर्व्हिस घ्यायची. आता गुण मोजा. गेमचा पहिला गुण उजव्या कोर्टात, दुसरा डाव्या, तिसरा उजव्या. म्हणजे 15-15 ला, 30-30 ला आणि ड्यूसला सर्व्हिस घेणार उजवीकडचा. 30-40, 40-30 आणि अ‍ॅडव्हान्टेजला घेणार डावीकडचा. 40-15 किंवा 15-40 सोडलं, तर गेम तोडायची संधी असो की वाचवायची, चेंडू डावीकडच्याच्या रॅकेटवर. टाळ्या पडतात त्या तिथे. आमच्या बँकवाल्याला हेच पाहिजे असतं. उजवीकडच्याने 30-30 ला मान मोडून रिटर्न पायात टाकावा आणि पुढच्या गुणाला डावीकडच्याने शेकहँडला हात पुढे करावा, असा हा संसार आहे.

मार्टिना डावखुरी. ती डाव्या कोर्टात, पॅम उजव्या. या मांडणीत दोघींचे फोरहँड बाहेरच्या रेघांकडे येतात आणि दोघींचे बॅकहँड मधोमध. शाळेतल्या मास्तरांना विचारलंत तर ते म्हणतील, मध्ये भगदाड पडलं. इथे मात्र एकीच्या हातात मार्टिनाचा बॅकहँड व्हॉली आणि दुसरी सहा फूट उंच, हात लांबवला की अर्धी नेट झाकणारी. मधून मारायला धजणारे फार थोडे.

पॅमचे जमिनीवरचे फटके सुंदर नव्हते. तिचा फोरहँडसुद्धा कापून मारलेला असायचा, विळीवर काकडी उतरावी तसा. एकेरीत ही मोठी उणीव. चेंडू तरंगत जातो, समोरची मागे उभी राहून सावकाश फोडते. दुहेरीत मात्र सर्व्हिस करणारी पुढे धावत येत असते आणि असा कापलेला चेंडू तिच्या बुटांपाशी बसतो. तिला तो खालून वर उचलावाच लागतो. आणि वर उचललेला चेंडू जिच्या खांद्याच्या उंचीला येतो, ती नेटपाशी उभी असलेली मार्टिना. फोटो मार्टिनाचा छापून येतो. चेंडू वर कुणी उचलायला लावला, ते फोटोत दिसत नाही.

सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस यांची आठवण काढा. तिथेही सानिया उजवीकडे, आपला तो जबरदस्त फोरहँड घेऊन, आणि हिंगिस डावीकडे. 2015-16 मध्ये त्या सलग 41 सामने जिंकल्या तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी रास्तच डोक्यावर घेतलं. मुंबईत जन्मलेली मुलगी म्हणून आपल्याला जरा जास्तच कौतुक. पॅम आणि मार्टिनाची सलग विजयांची माळ 109 सामन्यांची होती. 1983 मध्ये सुरू झाली, 1985 च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तुटली. मधली सलग आठ ग्रँड स्लॅम त्यांची. 1984 सालची तर चारही. एका वर्षात चारही स्पर्धा मारिया ब्युएनो आणि मार्टिना हिंगिस यांनीही जिंकल्या आहेत, पण दोघींनाही वाटेत जोडीदार बदलावी लागली. एकाच जोडीने चारही, हे महिलांमध्ये या दोघींखेरीज कुणाला जमलेलं नाही.

त्या 1984 च्या डिसेंबरचा एक प्रसंग मला फार आवडतो. ऑस्ट्रेलियन स्पर्धा तेव्हा वर्षाच्या शेवटी, मेलबर्नच्या कूयाँगला गवतावर व्हायची. मार्टिना एकेरीत सलग सहा ग्रँड स्लॅम जिंकून आली होती आणि ही जिंकली की तिचंही वर्ष चौफेर पूर्ण होणार होतं. उपांत्य फेरीत समोर एकोणीस वर्षांची हेलेना सुकोव्हा. पहिला सेट मार्टिनाने 6-1 असा उडवला. पुढचे दोन सुकोव्हाने 6-3, 7-5 असे घेतले. एकेरीतली सलग 74 विजयांची माळ तुटली, चौफेर वर्षाचं स्वप्नही गेलं.

आता दुहेरीचा अंतिम सामना. समोर क्लाउडिया कोडे-किल्श आणि पुन्हा तीच सुकोव्हा. ज्या मुलीने आपलं वर्ष उधळलं, तिच्यासमोर त्याच स्पर्धेत पुन्हा उभं राहायचं. अशा दिवशी शेजारी 'कुणीही' चालत नाही. सामना 6-3, 6-4. दुहेरीचं वर्ष पूर्ण झालं.

आणि मग 1985 चं विम्बल्डन. ज्या केथी जॉर्डनला हरवून या दोघींनी 1981 मध्ये आपलं पहिलं ग्रँड स्लॅम जिंकलं होतं, तीच जॉर्डन ऑस्ट्रेलियाच्या लिझ स्मायलीला घेऊन आली आणि 5-7, 6-3, 6-4 असं 109 वर पूर्णविराम देऊन गेली. मार्टिनाने त्या विम्बल्डनमध्ये एकेरी जिंकली, पॉल मॅकनामीबरोबर मिश्र दुहेरीही जिंकली, तीही अंतिम सामन्यात याच स्मायलीच्या जोडीला हरवून. हातून निसटली ती फक्त महिला दुहेरी. पोस्टकार्डवाले म्हणतील, बघा, पॅम असली की हरते! म्हणोत.

पॅमची कहाणी मला वेगळ्याच ठिकाणी टोचते. 1978 साली अमेरिकन ओपन फ्लशिंग मेडोजच्या नव्या कोर्टांवर पहिल्यांदा भरली. बाल्टिमोरची ही सोळा वर्षांची मुलगी मोठ्या डोक्याची प्रिन्स रॅकेट घेऊन आली. लाकडी रॅकेटांच्या त्या दिवसांत ती रॅकेट बघून लोक हसायचे. उपांत्य फेरीत तिने कुणाला हरवलं? मार्टिनालाच, 7-6, 7-6. अंतिम सामना ती ख्रिस एव्हर्टशी 7-5, 6-4 असा हरली. त्या दिवशी कुणीही पैज लावली असती, की ही मुलगी पुढच्या दहा वर्षांत पाच-सहा तरी मारणार. त्यानंतर ती ग्रँड स्लॅमच्या एकेरीच्या अंतिम सामन्यात एकदाही पोचली नाही. तशी ती जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, एकेरीची 21 विजेतेपदं मिळवली. पण वाटेत मार्टिना. दोघी एकेरीत 43 वेळा समोरासमोर आल्या, त्यांतल्या 40 मार्टिनाने जिंकल्या. 1983 च्या अमेरिकन ओपनची उपांत्य फेरी घ्या : मार्टिना 6-2, 6-1. त्याच स्पर्धेत या दोघी दुहेरी जिंकल्या. म्हणजे ज्या बाईने आदल्या सामन्यात आपल्याला तीन गेमांवर गुंडाळलं, तिच्या शेजारी जाऊन 30-30 ला रिटर्न टाकायचा, कशासाठी, तर पुढचा गुण तिला मिळावा म्हणून! आमचा बँकवाला माझ्यावर एवढ्यातेवढ्यावरून आठवडाभर रुसतो.

1989 साली मार्टिनाने ही जोडी मोडली. मोडण्याच्या आधी आणि नंतर पॅमने एकटीने काय केलं, हा वाचकांच्या शंकेवरचा खरा उतारा. 1988 मध्ये टेनिस ऑलिम्पिकमध्ये पदकांसाठी परतलं, 1924 नंतर पहिल्यांदाच. सोलच्या अंतिम सामन्यात पॅमच्या शेजारी झिना गॅरिसन, समोर याना नोव्होत्ना आणि आपली ओळखीची सुकोव्हा. पहिला सेट गेला 4-6. दुसरा 6-2. तिसरा 10-8. सुवर्णपदक. मार्टिना त्या संघात नव्हती. 1991 च्या अमेरिकन ओपनला पॅमने नताशा झ्वेरेवाला जोडीला घेतलं आणि नोव्होत्ना-सावचेंको यांना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकवर हरवलं. त्यातली गंमत अशी, की दोनच महिन्यांपूर्वी हीच झ्वेरेवा याच सावचेंकोबरोबर विम्बल्डन जिंकली होती! दुहेरीत नाती अशी भराभर बदलतात, ते पुढच्या भागात येईलच. आणि त्याच वर्षाच्या शेवटी, वर्षअखेरच्या स्पर्धेत, पॅम आणि मार्टिना पुन्हा एकदा एकत्र उतरल्या आणि जिंकल्या. हरवलं कुणाला, तर नोव्होत्ना आणि जीजी फर्नांडिस यांना.

तेव्हा सांगलीकर, माझा निकाल असा. मार्टिना आठ जणींना घेऊन 11 वेळा जिंकली हे खरं, तुमचा तेवढा मुद्दा मान्य. पण 109 एकीलाच घेऊन जिंकली. मांजरीला ड्यूसला रिटर्न टाकता येत असेल तर जरूर कळवा, आम्हाला रविवारी एक जागा रिकामी आहे, उजव्या कोर्टात.

नताशा आणि जीजी पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर तुमच्यापैकी जे दुहेरी खेळतात त्यांनी एक पोस्टकार्ड टाकावं : तुमच्या जोडीत उजवीकडे कोण उभं राहतं, आणि ते कसं ठरलं?